पांचगणीचा विद्यार्थी : एका चरित्रपटाच्या निमित्तानें

चरित्रपट हा चित्रपटांतला मोठा फसवा प्रकार आहे. कादंबरीवरून काढलेला चित्रपट मूळ कथेशीं कितपत इमान राखतो, हें ज्याला पडताळावयाचें असेल त्याला पुस्तक उघडतां येतें. परंतु प्रत्यक्ष होऊन गेलेल्या माणसाच्या आयुष्यावर जेव्हां चित्रपट निघतो, तेव्हां पडताळा पाहण्याची उसंत फारच थोड्यांना असते. पडद्यावर दिसलें तेंच खरें, असें मानून प्रेक्षक घरीं जातात आणि पुढें तीच हकीकत एकमेकांना सांगत राहतात. २०१८ सालच्या अखेरीस जगभर झळकलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या इंग्रजी चित्रपटाच्या बाबतींत नेमकें असेंच झालें आहे. ‘क्वीन’ नांवाच्या विख्यात रॉक वाद्यवृंदाचें, आणि विशेषतः त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचें, चरित्र त्यांत रंगविलेलें आहे. निर्मितीस पांच कोटी डॉलरांच्या आसपास खर्च आला आणि उत्पन्न नव्वद कोटींच्या वर गेलें. २०१९ सालीं त्याला चार ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, त्यांत नायकाचें काम करणाऱ्या रामी मालेक याचेंही होतें. इतका लोकप्रिय झालेला हा चित्रपट आपल्याकडेही कित्येक घरांतून पाहिला गेला. तेव्हां त्यांतलें खरें कोणतें आणि रचलेलें कोणतें, एवढें समजून घेणें इष्ट आहे. आणि मराठी वाचकाला तर त्याचें आणखीही एक कारण आहे.

फ्रेडी मर्क्युरी हें नांव त्यानें पुढें स्वतः धारण केलेलें. आईबापांनीं ठेवलेलें नांव फरोख बुलसारा. घराणें पारशी, गुजराथेंतील वलसाड, ज्याला इंग्रजी अमदानींत बुलसर म्हणत, त्या गांवावरून हें आडनांव पडलें. वडील बोमी बुलसारा झांझिबार बेटावर इंग्रज सरकारच्या नोकरींत, तेथील हायकोर्टांत कॅशियर होते. त्याच बेटावरील स्टोन टाऊन या शहरांत ५ सप्टेंबर १९४६ रोजीं फरोखचा जन्म झाला. पुढें कश्मीरा ही धाकटी बहीण झाली. मुलाला चांगलें इंग्रजी शिक्षण मिळावें ही आईबापांची इच्छा, आणि बेटावर तशी सोय बेताचीच. म्हणून मुलगा आठ वर्षांचा असतांना त्याला आगबोटीनें मुंबईस, व तेथून सह्याद्रीच्या माथ्यावर, पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत धाडण्यांत आलें.

ज्यांनीं पांचगणी पाहिली आहे त्यांना ती निराळी वर्णन करून सांगावयास नको. कृष्णेच्या खोऱ्यावर पसरलेलें तें सपाट टेबललँड, सिल्व्हर ओकचीं उंच झाडें, सकाळचें धुकें आणि रस्त्याच्या दोहों अंगांस शाळांच्या पाट्या. पारशी मंडळींचा तेथें हवापालटासाठीं पूर्वीपासून राबता. त्यामुळें बुलसारा कुटुंबाला हें गांव अगदींच परकें वाटलें नसावें. पण आठ वर्षांच्या पोराच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास आई आणि आपण यांच्यामध्यें सबंध अरबी समुद्र! सुटी लागली म्हणजे इतर मुलें पुण्यामुंबईस घरीं जात. हा मात्र दर सुटींत घरीं जाणार कसा? कित्येक सुट्या त्यानें मुंबईच्या नातलगांकडे काढल्या. वरच्या जबड्यांत चार दांत जास्त असल्यामुळें त्याचे पुढचे दांत बाहेर आलेले. त्यावरून वर्गमित्र त्याला चिडवीत. ‘फ्रेडी’ हें नांवही त्याला याच शाळेंत पडलें, आणि घरच्या माणसांनींही तें पुढें मान्य केलें.

या शाळेंतच त्याच्यांतला संगीतकार प्रथम ओळखला गेला. रेडिओवर एकदां ऐकलेलें गाणें हा मुलगा पेटीवर, म्हणजे पियानोवर, जसेंच्या तसें वाजवून दाखवितो, हें सोबत्यांच्या आणि शिक्षकांच्या ध्यानांत आलें. मुख्याध्यापकांनीं झांझिबारला पत्र धाडून कळविलें कीं, थोडी अधिक फी भरल्यास मुलाला संगीताची रीतसर तालीम देतां येईल. बोमी बुलसारांनीं ती फी भरली. पियानोच्या चौथ्या इयत्तेपर्यंतच्या परीक्षा फरोखनें तेथें दिल्या. १९५८ मध्यें त्यानें व त्याच्या चार मित्रांनीं मिळून ‘द हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद उभा केला. शाळेच्या समारंभांतून ही पोरें एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड यांचीं गाणीं वाजवीत. मौज अशी कीं या पथकाचा गायक दुसराच होता! पुढें ज्याच्या कंठानें दोन खंडें डोलूं लागलीं तो मुलगा त्या वेळीं मुकाट्यानें पियानोशीं बसत असे. त्या पांच मुलांपैकीं एक जण पुढें विलायतेंत नट झाला आणि एक नेपाळच्या सैन्यांत जनरलच्या हुद्द्यास चढला. म्हणजे वर्ग तसा होतकरूच म्हणावयाचा.

आतां चित्रपटाकडे वळावें तर त्यांत पांचगणी नाहीं. कथानक सुरू होतें तें १९७० मध्यें, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवाशांचें सामान उतरविणाऱ्या एका सडसडीत तरुणापासून. सोबतचा कामगार त्याला ‘पाकी’ म्हणून हिणवितो आणि तो उत्तर देतो कीं मी पाकिस्तानचा नव्हें. हें दृश्य चांगलें आहे. पण मग हा आहे तरी कोठला, याचा उलगडा घरच्या जेवणाच्या एका प्रसंगांत ओझरता उरकला आहे. १९६३ मध्यें फरोख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्यें तेथें क्रांति झाली, हजारों अरब व हिंदी लोक मारले गेले, आणि बुलसारा कुटुंब जीव मुठींत धरून लंडनजवळच्या फेल्टम या उपनगरांत येऊन राहिलें. एका सुस्थित कुटुंबाला पन्नाशीच्या वयांत परक्या थंडीत नवा संसार मांडावा लागला, ही सामान्य गोष्ट नव्हे. चित्रपटांतील बोमी बुलसारा कडक आणि अबोल दाखविले आहेत. त्यांच्या तोंडीं चांगले विचार, चांगलें बोलणें, चांगलीं कृत्यें हा जरथुष्ट्री धर्माचा त्रिविध उपदेश घातला आहे. पण त्यांचा हा कडकपणा कोठून आला तें सांगितलें असतें, तर बापलेकांतील ताण नुसता ठराविक नाटकी न वाटतां मनाला भिडला असता.

विलायतेंतील पुढची हकीकत चित्रपटांत ठळक रंगांत आहे, आणि ती बरीचशी सोयीप्रमाणें वळविलेली आहे. फ्रेडी एका रात्रीं गाणें ऐकावयास जातो, त्याच रात्रीं त्या पथकाचा गायक सोडून जातो, आणि हा पुढें होऊन आपला आवाज ऐकवितो, असें दाखविलें आहे. वस्तुस्थिति अशी कीं तो सोडून गेलेला गायक हा ईलिंगच्या कलाशाळेंतील फ्रेडीचा सहाध्यायीच होता. त्यामुळें ‘स्माइल’ या पथकांतील ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याशीं फ्रेडीची ओळख आधींपासूनची. केन्सिंग्टनच्या बाजारांत टेलर आणि तो मिळून जुने कपडे विकीत असत. १९७० मध्यें ‘क्वीन’ची स्थापना झाली; नांव सुचविलें फ्रेडीनें, आणि सिंह, खेंकडा, पऱ्या व फिनिक्स पक्षी यांचें राजचिन्हही कलाशाळेंत शिकलेल्या त्याच्याच हातचें. जॉन डीकन हा चौथा सभासद १९७१ मध्यें आला. चित्रपटांत तो पहिल्यापासूनच हजर आहे.

विजेची गिटार वाजविणारा म्हणजे शाळा बुडविलेला उनाड मुलगा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं या चौघांचें शिक्षण अवश्य पाहावें. मे हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत खगोलशास्त्राचा संशोधक. गाण्यापायीं अर्धवट राहिलेला सूर्यमालेंतील धूलिकणांवरचा प्रबंध त्यानें २००७ मध्यें पुरा करून डॉक्टरेट मिळविली. त्याची गिटार त्यानें व त्याच्या वडिलांनीं घरींच, जुन्या शेगडीच्या चौकटीचें लांकूड वापरून तयार केलेली. टेलर दंतवैद्यकाचा विद्यार्थी, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. गाणीं रचणें चौघांकडेही होतें आणि त्यावरून भांडणेंही होत. हीं भांडणें मात्र चित्रपटांत मोठीं गमतीचीं आणि विश्वसनीय उतरलीं आहेत.

ज्या गाण्यावरून चित्रपटाला नांव पडलें तें १९७५ सालचें. पांच मिनिटें पंचावन्न सेकंदांचें तें गाणें प्रथम करुण आळवणीनें सुरू होतें, मध्येंच इटालियन संगीत नाटकाचा थाट धरतें, मग एकदम वादळी होतें आणि शेवटीं पुन्हां शांत होतें. मधल्या भागांत जो मोठा गायकवृंद ऐकूं येतो, तो खरें पाहतां तिघांचाच आवाज; फितीवर थरावर थर चढवून त्यांनीं तो उभा केला. एवढें लांब गाणें रेडिओवर कोण वाजविणार, ही कंपनीची शंका खरी होती. पण चित्रपटांत जो रे फॉस्टर नांवाचा अधिकारी त्यावर आरडाओरडा करतो, तो काल्पनिक आहे. इंग्लंडांत तें गाणें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें, आणि गायकाच्या मृत्यूनंतर १९९१ मध्यें पुन्हां एकदां त्याच जागीं चढलें.

चित्रपट तयार होण्याची कथाही सरळ नाहीं. मर्क्युरीचें काम करण्यासाठीं प्रथम दुसऱ्या नटाची योजना झाली होती; तो २०१३ मध्यें बाहेर पडला. दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांना चित्रीकरण संपत आलें असतांना, डिसेंबर २०१७ मध्यें, काढून टाकण्यांत आलें आणि उरलेलें काम डेक्स्टर फ्लेचर यांनीं पुरें केलें. दिग्दर्शक म्हणून नांव मात्र संघटनेच्या नियमाप्रमाणें सिंगर यांचेंच राहिलें. अशा ओढाताणींतून इतका एकजीव चित्रपट निघाला, याचें श्रेय नटवर्गाला द्यावें लागेल. संकलनाला ऑस्कर मिळालें आहे. पण चार माणसें मेजाभोंवतीं बसून साधें बोलत असतां कॅमेरा चेहऱ्यावरून चेहऱ्यावर इतक्या उड्या मारतो कीं पाहणाऱ्याचे डोळे दुखावे. परीक्षकांना त्यांत काय दिसलें तें तेच जाणोत.

रामी मालेक हा इजिप्तमधून अमेरिकेंत गेलेल्या आईबापांचा मुलगा. स्थलांतरित घरांतल्या मुलाचें दोन जगांत वावरणें त्याला अनोळखी नसावें, आणि तें त्याच्या कामांत दिसतें. कृत्रिम दांत बसवून तो महिनोन् महिने वावरला. ओठांनीं दांत झांकून घेण्याची मर्क्युरीची लकब त्यानें अशी उचलली आहे कीं पुढें पुढें दांत विसरून आपण ती लकबच पाहूं लागतों. गाणें मात्र त्याचें नव्हे. मर्क्युरीचीं मूळ ध्वनिमुद्रणें, मार्क मार्टेल या कॅनेडियन गायकाचा हुबेहुब आवाज, आणि कोठें कोठें मालेकचा स्वतःचा स्वर, असें तें मिश्रण आहे. आपल्या वाचकांना याचें नवल वाटूं नये. ‘बालगंधर्व’ या २०११ सालच्या मराठी चित्रपटांत सुबोध भावे यांचा अभिनय आणि आनंद भाटे यांचा गळा हा संगम आपण पाहिलाच आहे.

चित्रपटाचा कळस म्हणजे वेम्बलीचा जलसा. इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं १३ जुलै १९८५ रोजीं बॉब गेल्डॉफ व मिज यूर यांनीं लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणीं एकाच दिवशीं ‘लाइव्ह एड’ हा जलसा घडवून आणला. वेम्बलीच्या क्रीडांगणावर सुमारें बहात्तर हजार लोक होते आणि उपग्रहांच्या द्वारें तो जगभर दिसत होता. ‘क्वीन’ला सुमारें एकवीस मिनिटें मिळालीं. त्या एकवीस मिनिटांत मर्क्युरीनें अर्धी काठी असलेला ध्वनिक्षेपक हातांत घेऊन एवढा अफाट समुदाय असा कांहीं आपल्या स्वाधीन केला कीं, आजही जाणकार त्या प्रयोगाचें नांव आदरानें घेतात. चित्रपटांत हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा उभा केला आहे. पियानोवर ठेवलेले पेले देखील विसरले नाहींत. हर्टफर्डशरमधील एका जुन्या विमानतळावर रंगमंच बांधून चित्रीकरणाची सुरुवातच या दृश्यानें झाली, म्हणजे बिचाऱ्या मालेकला सर्वांत अवघड परीक्षा पहिल्या दिवसांतच द्यावी लागली. हीं मिनिटें पाहतांना अंगावर रोमांच उभे राहतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आणि नेमकें येथेंच चित्रपटानें सर्वांत मोठी लबाडी केली आहे. गाण्यांचे सन पुढेंमागें केले, १९८५ मधील रिओचा जलसा दहापांच वर्षें अलीकडे ओढला, जिम हटन हा खऱ्या आयुष्यांत केशकर्तन करणारा इसम मेजवानींतला वाढपी केला, हें एक वेळ क्षम्य. फ्रेडीनें एकट्याच्या नांवावर गाणीं काढण्याचा करार केला म्हणून वाद्यवृंद फुटला, हेंही खोटेंच. टेलरनें स्वतःचा ध्वनिमुद्रिकासंच १९८१ मध्येंच काढला होता, आणि ‘क्वीन’चा दौरा ‘लाइव्ह एड’च्या दोनच महिने आधीं जपानांत संपला होता. पण चित्रपट म्हणतो कीं वेम्बलीच्या तालमीच्या वेळीं फ्रेडीनें सोबत्यांना सांगितलें, मला एड्स झाला आहे; आणि मग तें गाणें म्हणजे मृत्यूच्या छायेंत घेतलेला निरोप ठरतो. जिम हटन याच्या आठवणींप्रमाणें या रोगाचें निदान १९८७ मध्यें झालें. म्हणजे वेम्बलीवर जो माणूस गात होता त्याच्या मनांत असला निरोप नव्हता. तो आपल्या कलेच्या भर उमेदींत, केवळ आनंदानें गात होता.

या फेरफारानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडलें तें असें. चित्रपटांतील क्रम पाहा : फ्रेडी मित्रांपासून दूर जातो, वाईट संगतींत स्वैर वागतो, रोग ओढवून घेतो, पश्चात्तापानें परत येतो, आणि मग त्याला क्षमा मिळते. आजार हें जणुं वर्तनाचें प्रायश्चित्त, असा त्याचा ध्वनि निघतो. ज्या रोगानें त्या काळांत हजारों तरुण माणसें नेलीं, आणि ज्यांना आप्तांनींही दूर लोटलें, त्यांच्याविषयीं असा अर्थ सुचविणें हें निर्दयपणाचें आहे. आणि तोही तारखा बदलून! मे व टेलर हे दोघे चित्रपटाच्या निर्मितीशीं निकट संबंधित होते. मित्राच्या स्मृतीला जपण्याचा त्यांचा हेतु शुद्ध असेलही. परंतु जिवंत राहिलेल्यांनीं चरित्र सांगितलें म्हणजे भांडणांत चूक बहुधा गेलेल्याची निघते.

पुरुषाचें पुरुषावर असलेलें प्रेम हा विषय कित्येक घरांत अजून उघड बोलला जात नाहीं, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. चित्रपटानें तो विषय संयमानें, किंबहुना जरा जास्तच संयमानें, हाताळला आहे. चीनमध्यें तर तेवढाही कांपून दाखविला गेला. मेरी ऑस्टिन ही जिच्याशीं फ्रेडीचें लग्न ठरलें होतें, तिच्यापाशीं तो आपलें मन मोकळें करतो तें दृश्य सबंध चित्रपटांतील अत्यंत सच्चें आहे. लग्न मोडलें, स्नेह मोडला नाहीं. केन्सिंग्टनचें आपलें घर त्यानें मृत्युपत्रानें तिलाच दिलें. जाणत्या मुलामुलींसह हा चित्रपट पाहण्यास हरकत नाहीं, आणि घरीं आल्यावर त्यांनीं प्रश्न विचारले तर ते टाळूं नयेत.

वेम्बलीच्या टाळ्यांवर चित्रपट संपतो; उरलेलें आयुष्य अखेरच्या पाट्यांतून आटोपलें आहे. आम्हांला वाटतें, खरी कथा तेथून पुढें आहे. निदान झाल्यानंतर हा माणूस घरांत बसून राहिला नाहीं. माँतसेरात काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर त्यानें ‘बार्सेलोना’ हा संच गायिला. रॉक गवयानें अभिजात गायिकेशेजारीं उभें राहावें हें त्या वेळीं अनेकांना धाडस वाटलें. ‘क्वीन’बरोबर १९८९ मध्यें एक आणि १९९१ च्या आरंभीं ‘इन्युएंडो’ असे दोन संच पुरे केले. आजार बाहेर कोणाला कळविला नाहीं. वार्ताहर दाराशीं ठाण मांडून असत. १९९१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशीं स्वित्झर्लंडमधील माँत्र या सरोवराकांठच्या गांवीं, उभें राहणेंही कष्टाचें होत असतां, तो सोबत्यांना सांगत असे कीं मला गावयास द्या, जेवढें देतां येईल तेवढें. मागाहून तुम्ही पुरें करा. त्यांतल्या एका गाण्याचें शेवटचें कडवें उरलें असतां तो थांबला, पुन्हां कधीं तरी म्हणेन म्हणाला, आणि तें कधीं झालें नाहीं. १९९५ मध्यें तो संच ‘मेड इन हेवन’ या नांवानें निघाला, तेव्हां तें शेवटचें कडवें ब्रायन मे यानें आपल्या आवाजांत गायिलें आहे. ऐकतांना आवाज कोठें बदलतो तें लक्षांत येतें.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्यानें आपल्याला एड्स झाल्याचें जाहीर केलें. दुसऱ्याच दिवशीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचें निधन झालें. धर्माचें प्रदर्शन त्यानें कधीं केलें नव्हतें. पण अंत्यविधि लंडनांत पारशी दस्तुरांनीं जरथुष्ट्री रीतीप्रमाणें केला. बोमी बुलसारा त्यानंतर बारा वर्षें जगले, आई जेर तर २०१६ पर्यंत होती. म्हणजे मुलावरचा चित्रपट निघण्याच्या दोनच वर्षें आधीं ती गेली. चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनीं पाहावाच. पण त्यासोबत वेम्बलीच्या मूळ जलशाचें चित्रण आणि ‘इन्युएंडो’ हा संच, हीं दोन्ही मिळवून ऐकावीं. दोन्ही सहज मिळतात.